ओटच्या सारणभऱ्या बिस्किटांची कुळकथा

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात महिला समितीने फराळ-स्पर्धा भरविली होती. त्या वेळी जो एक लहानसा वाद उपस्थित झाला, तो पुष्कळ ज्ञातिबंधुभगिनींच्या स्मरणात असेल. आमच्या सूनबाईंनी घरी भाजलेली, ओटच्या पिठाची व आत खजुराचे सारण भरलेली बिस्किटे स्पर्धेच्या मेजावर मांडली होती. परीक्षक भगिनींनी ती चाखून पाहिली. चेहऱ्यावरून त्यांस ती रुचली असेही दिसले. तथापि एका वयोवृद्ध व आम्हांस सर्वथा पूज्य अशा गृहस्थांनी हरकत घेतली की, स्पर्धा आपल्या ज्ञातीच्या फराळाची आहे आणि हा पदार्थ आपला नव्हे. बशी मेजावरून उचलून भिंतीकडील बाकावर ठेवण्यात आली. सूनबाई तेथे काही बोलल्या नाहीत. परतताना रिक्षात मात्र त्यांनी एवढेच विचारले, "बाबा, आपला पदार्थ म्हणजे नेमका कोणता हो?"

ज्याने चौतीस वर्षे मुलांस इतिहास शिकविला, त्यास या प्रश्नाचे उत्तर चटकन देता येऊ नये ही गोष्ट लाजिरवाणी खरी. आम्ही त्या रात्री काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. पुढे स्मरणिकेच्या संपादकांनी लेखाविषयी पृच्छा केली, तेव्हा हाच विषय घ्यावा असे मनाने घेतले. आम्ही काही पंडित नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण, त्यापुढे अध्यापनाची सनद, आणि निवृत्तीनंतर ग्रंथालयाच्या वाचनकक्षातील एक खुर्ची एवढेच आमचे भांडवल. त्या भांडवलावर या बिस्किटाच्या कुळाचा जो शोध लागला तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवीत आहो.

प्रथम धान्याविषयी. ओट हे गहू व सातू यांचे भाऊबंद, परंतु घराण्यात ते उशिरा मान पावले. प्राचीन काळी गव्हा-सातूच्या शेतात तण म्हणून उगवणारे हे गवत. युरोपच्या थंड व ओलसर भागात गहू धड पिकत नसे, तेथे ते तग धरून राहिले. म्हणून शेतकऱ्याने नाइलाजाने त्यास पीक मानले. स्कॉटलंड हे त्याचे खरे माहेर म्हणावे. तेथील गरिबांची न्याहारी म्हणजे ओटची पेज, आणि दुपारची शिदोरी म्हणजे लोखंडी तव्यावर भाजलेली ओटची जाड भाकरी. चौदाव्या शतकातील फ्रेंच बखरकार फ्रॉयसार याने स्कॉटिश स्वारांचे वर्णन केले आहे. प्रत्येक स्वाराच्या खोगिराशी लोखंडाचा एक सपाट पत्रा व ओटच्या पिठाची एक थैली असे. मुक्काम पडला की पत्रा विस्तवावर ठेवावयाचा, पीठ पाण्यात कालवून त्याची चकती थापावयाची, ती खावयाची आणि पुन्हा घोड्यावर मांड टाकावयाची. हा मजकूर वाचताना आम्हांस थोरल्या बाजीरावांची ती प्रसिद्ध आख्यायिका आठवली. त्यांचे चित्र काढावयास पाठविलेल्या चिताऱ्यास ते घोड्यावर बसूनच कणसे चोळून दाणे खाताना दिसले, असे सांगतात. झटपट न्याहारीची गरज ही आजच्या धावपळीनेच निर्माण केली असा आपला समज असतो. परंतु ज्यास सकाळी लवकर निघावयाचे आहे त्याची भूक सर्व काळी सारखीच.

या धान्याची अवहेलनाही थोडी झाली नाही. डॉक्टर जॉन्सन याने १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी कोशात ओटचा अर्थ देताना, इंग्लंडात हे घोड्यांस घालतात व स्कॉटलंडात माणसे खातात, अशा आशयाचा टोमणा मारून ठेविला आहे. कोशात टोमणे मारावेत का, हा प्रश्न निराळा. आपल्या देशातही ओट पुष्कळ काळ पागेतील जनावरांचा चारा म्हणूनच ओळखीचे होते. उत्तरेत त्यास जई म्हणतात. आमच्या वडिलांच्या पिढीतील कोणास ओटचा डबा ठाऊक असलाच, तर तो आजाऱ्याच्या उशाशी.

ओटमध्ये एक अडचण आहे आणि तिनेच त्याचा पुढला इतिहास घडविला. गहू दळून पीठ महिनाभर ठेविले तरी चालते. पण ओटमध्ये स्निग्धांश पुष्कळ असल्यामुळे दाणा फोडताच तो खवट होऊ लागतो. तो टिकवावयाचा तर वाफेने वा भट्टीच्या उष्णतेने आधी शेकावा लागतो. शिवाय अखंड दाणा शिजावयास फार वेळ घेतो. या दोन्ही अडचणींवर उपाय निघाला तो स्कॉटलंडात नव्हे, अमेरिकेत. जर्मनीतून आलेला फर्डिनांड शूमाकर नावाचा एक किराणा दुकानदार ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन गावी होता. त्याने १८५० नंतरच्या दशकात ओटची गिरणी घातली. तोवर अमेरिकेत माणसांनी ओट खाणे म्हणजे औषधविक्याकडून आजाऱ्यासाठी आणलेली थोडीशी पूड. पुढे तेथे यादवी युद्ध (१८६१ ते १८६५) जुंपले, सैन्याची मागणी आली आणि शूमाकरची भरभराट झाली. त्याची मोठी गिरणी १८८६ साली जळून खाक झाली, तरी धंदा थांबला नाही. दरम्यान त्याच प्रांतातील रॅव्हेना गावच्या एका गिरणीने १८७७ साली क्वेकर हे नाव व चित्र नोंदवून घेतले होते. ती गिरणी हेन्री क्रोवेल याने विकत घेतली. मोकळ्या पिंपातून मापाने विकण्याऐवजी बंद खोक्यात भरून, वर चित्र व कृती छापून ओट विकावे, ही त्याची युक्ती. पुढे हे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि १९०१ साली क्वेकर ओट्स कंपनी उभी राहिली. दाणा वाफवून रुळांखाली चपटा करण्याची पद्धत तोवर रूढ झालीच होती. १९२२ साली याच कंपनीने दाण्याचे बारीक तुकडे करून, ते अधिक पातळ दाबून, लवकर शिजणारे ओट बाजारात आणले. आपल्या पोह्यांची व या चपट्या ओटची जात एकच. ज्या घरात पोहे आहेत त्या घराने ओटकडे परका म्हणून पाहावे याचे आम्हांस थोडे हसू येते.

आता बिस्किटाकडे वळू. ओटची गोड बिस्किटे कोणी प्रथम केली हे सांगू जाणे म्हणजे करंजी कोणी प्रथम केली हे सांगू जाण्यासारखेच आहे. परंतु ती छापील ग्रंथात मापासह मांडणाऱ्या एका बाईंचा परिचय करून दिल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. फॅनी फार्मर यांचा जन्म १८५७ सालचा, बॉस्टनचा. ऐन सोळाव्या वर्षी त्यांस अर्धांगाचा झटका आला, शाळा सुटली आणि अनेक वर्षे घरात काढावी लागली. तिशीच्या सुमारास त्या बॉस्टनच्या पाकशाळेत दाखल झाल्या आणि पुढे तेथेच मुख्य शिक्षिका झाल्या. १८९६ साली त्यांनी आपला पाकग्रंथ सिद्ध केला. बायकांच्या या पुस्तकास गिऱ्हाईक मिळेल असा प्रकाशकास भरवसा वाटेना. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च बाईंनी स्वतः सोसावा असे ठरले. पुढे त्या ग्रंथाच्या लाखो प्रती खपल्या. त्यातच ओटच्या बिस्किटांची कृती आहे. या बाईंचा खरा पराक्रम मापात आहे. तोवरच्या कृती म्हणजे अंड्याएवढे लोणी, मावेल तेवढे पीठ, अशा थाटाच्या असत. फार्मरबाईंनी आग्रह धरिला की पेला व चमचा भरून वर सुरीने सपाट करावा, म्हणजे कोणाच्याही हातून पदार्थ सारखाच उतरेल.

आमच्या आजीस जर कोणी विचारले की अनारशाच्या पिठात गूळ किती, तर ती म्हणे, "हाताला कळतं." तिच्या हातास कळत होते, यात शंका नाही. परंतु तो हात १९८१ साली गेला, आणि त्याबरोबर ते अनारसेही गेले. आमच्या मातोश्रींस ते तसे कधी साधले नाहीत. मराठीत लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० साली गृहिणीमित्र हा हजार पाकक्रियांचा ग्रंथ लिहिला, आणि कमलाबाई ओगले यांची रुचिरा १९७० साली आली. किती नव्या सुनांना त्या पुस्तकाने परक्या गावी हात दिला असेल! आपल्या ज्ञातीतील किती कृती अशा लिहिल्या गेल्या, याचा विचार महिला समितीने जरूर करावा. ओटच्या कंपनीने १९०८ पासून खोक्यावरच बिस्किटांच्या कृती छापावयास आरंभ केला. खोके घरोघर जाई, म्हणून कृतीही घरोघर गेली. धंदेवाइकाचा हेतू माल खपविण्याचा, हे मान्य. पण त्या निमित्ताने गरिबाच्या घरीही छापील पाकशास्त्र पोचले.

सारणाचा मार्ग निराळा आहे, आणि तो आपल्या दारावरून गेलेला आहे. दोन पाऱ्यांमध्ये गोड सारण कोंडून भाजणे ही युक्ती अनेक देशांस ठाऊक. यंत्राने ती प्रथम मोठ्या प्रमाणावर साधली ती अमेरिकेत १८९१ साली. अंजिराचे सारण मऊ पिठात सलग भरून कापलेली ती बिस्किटे बॉस्टनजवळच्या न्यूटन गावाच्या नावाने प्रसिद्ध झाली. (नामवंत शास्त्रज्ञ न्यूटन यांचा त्याशी काही संबंध नाही, आमचा तसा समज होता, म्हणून सांगून ठेवितो.) घरगुती ओटच्या बिस्किटात मात्र खजुराने ठाण मांडले. हा खजूर अमेरिकेत येई तो मस्कत व बसरा येथून. भाद्रपद-आश्विनात तोड झाली की खोक्यात दाबून भरलेला खजूर आगबोटींनी न्यूयॉर्कला रवाना होई आणि सर्वांआधी कोणाची बोट पोचते याची शर्यत लागे. त्याच बसऱ्याचा खजूर गलबतांतून मुंबईस येई; आपल्या उपवासाच्या ताटात तो येतो तो याच वाटेने. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी बसऱ्यास उतरून तैग्रीसच्या काठाने कूतपर्यंत गेल्या, तेव्हा ज्या खजुरीच्या बनांत त्यांनी तळ दिले, त्याच बनांतील फळ अमेरिकेतील गृहिणी बिस्किटात भरीत होत्या. पुढे अमेरिकनांनी कॅलिफोर्नियातील कोचेला खोऱ्यात खजुरीचे कोंब नेऊन लाविले आणि घरचा खजूर पिकविला.

अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. मित्रराष्ट्रांस गहू पुरवावयाचा म्हणून हर्बर्ट हूवर यांच्या अन्नखात्याने घरोघर आवाहन केले की गहू वाचवा, ओट व मका वापरा, साखर जपून खर्च करा. ओटची बिस्किटे व खजुराची गोडी यांस त्या वेळी देशभक्तीचा मान मिळाला. कॅनडाच्या पश्चिमेकडील गहूप्रदेशात तर खाली ओटचा चुरा, मध्ये खजूर, वर पुन्हा ओटचा चुरा अशी वडी करतात आणि तिला चक्क विवाहाचा केक म्हणतात. नाव का पडले याविषयी नाना तर्क आहेत. आम्हांस वाटते, दोन खरबरीत थरांत एक गोड थर, एवढे वर्णन पुरेसे आहे. अनुभवी वाचक समजून घेतील.

येथवर सारे सुरळीत आले. परंतु बिस्कीट या वस्तूचा आपल्या प्रांतातील इतिहास असा गोड नाही, आणि तो टाळून पुढे गेलो तर त्या बाकावर ठेवलेल्या बशीचा अर्थ लागणार नाही.

१८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्यास पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. व्याख्यानानंतर पाहुण्यांस चहा-बिस्किटे देण्यात आली. मंडळी लहानसहान नव्हती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन तसाच खाली ठेविला. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी उपस्थितांची नावे पुणे वैभव पत्रात छापविली, आणि शहरात आग लागली. ज्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हातचे घेतले त्यांस बहिष्कृत करावे अशी मागणी झाली. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली. चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, आणि त्यांच्या सुधारक स्नेह्यांस त्याचे फार वाईट वाटले. घरच्या माणसांस श्राद्धास भटजी मिळेना, मुलींची लग्ने अडू लागली, तेव्हा मोठमोठ्यांसही मान तुकवावी लागली. एका चहाच्या पेल्याने व बिस्किटाने दोन वर्षे समाज ढवळून निघाला!

बिस्किटात असे काय होते? पीठ, साखर, लोणी. यातील कोणती वस्तू निषिद्ध? खरी हरकत पदार्थास नव्हती, ती मळणाऱ्या हातास होती. पाव हा शब्दच पोर्तुगीज; गोव्यातील ख्रिस्ती पोदेर, त्यांच्यामागून मुंबईत आलेले गोवेकर, मुसलमान भट्टीवाले, इराणी यांच्या हातांनी या प्रांताने भाजलेले पीठ प्रथम खाल्ले. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटविल्याच्या कथा वसई-गोव्याकडे अजून सांगितल्या जातात. विहिरीत पडलेल्या तुकड्याने माणूस बाटत नाही. तो बाटला असे त्याच्याच भाऊबंदांनी ठरविले म्हणजे बाटतो. दिल्लीस १८९८ साली हिंदू बिस्किट कंपनी निघाली. बिस्किटाच्या आधी हिंदू हा शब्द का लागला हे फोड करून सांगावयास नको. म्हणजे जीभ तयार होती, पोटही तयार होते. अडत होते ते हाताशी. १९३९ पासून पार्ल्याच्या कारखान्यातील बिस्किटे घरोघर शिरली, तेव्हा यंत्राने ही अडचण परस्पर सोडविली. यंत्रास जात विचारता येत नाही.

हे सारे पुण्याचे व जुन्या काळचे, आपल्यास काय त्याचे, असे कोणास वाटेल. म्हणून आता घरचीच एक गोष्ट सांगतो. ती आजवर आम्ही कोठेही सांगितलेली नाही.

१९६९ सालची दिवाळी. आम्ही नऊ वर्षांचे. घर कोकणातील एका तालुक्याच्या गावी. त्या काळी घरोघर नानखटाई घरच्या साहित्याची, पण बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची रीत होती. रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात घालून न्यावयाचे, मजुरी द्यावयाची, आणि पत्र्याचे डबे भरून परत आणावयाचे. इतर घरचे लोक साहित्य देऊन मोकळे होत. मळण्याचे काम बेकरीवाला करी. आमच्या आजीस ते चालत नसे. ती पीठ घरी मळून, गोळे करून, पितळी डब्यात घालून देई. बेकरीवाले मुसलमान होते. सारे गाव त्यांस चाचा म्हणे. आजीने आम्हांस बजावले, "गोळे तू स्वतः पत्र्यावर मांड. त्यांना हात लावू देऊ नको. भाजून होईस्तोवर तिथनं हलू नको." थोडक्यात, आम्हांस पहाऱ्यावर बसविले होते.

चाचांस हे ठाऊक असावे. आम्ही डबा घेऊन उभे राहिलो तेव्हा त्यांनी एक पत्रा काढला, आमच्या डोळ्यांदेखत ओल्या फडक्याने पुसला, वर कोरा कागद अंथरला आणि दोन पावले मागे सरले. म्हणाले, "मांड बाळा. आजीला सांग, पत्रा धुतलेला आहे." आम्ही गोळे मांडले. त्यांनी लांब दांड्याच्या फळीने पत्रा भट्टीत लोटला. भट्टीच्या तोंडाशी ऊब होती, बाहेर कार्तिकातला गारवा. आम्ही दीड तास बसलो. तेवढ्या वेळात त्यांनी आपल्या मालातले एक गरम बिस्कीट कागदावर ठेवून आमच्यापुढे सरकविले, आणि काही न बोलता कामास लागले. आम्ही ते खाल्ले. इतके चांगले बिस्कीट आम्ही त्याआधी खाल्ले नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर त्यानंतरही नाही.

घरी आल्यावर आजीने विचारले, "हात लावला नाही ना कुणी?" आम्ही म्हटले, "नाही." हे उत्तर खरे होते. तिने पुढे विचारले, "तू काही खाल्लं नाहीस ना तिथे?" आम्ही म्हटले, "नाही." हे खोटे होते. तिने डब्यावर तुळशीचे पान ठेविले आणि नानखटाई देवापुढे नेली.

आजी दुष्ट नव्हती. दुष्काळात तिने आपल्या ताटातली भाकरी दारच्या माणसास दिलेली आम्ही पाहिली आहे. परंतु द्यावयाचे ठाऊक होते, घ्यावयाचे नव्हते. आम्हीही पुढे शाळेत वर्षानुवर्षे समतेचे धडे दिले. पण त्या पुसलेल्या पत्र्याची गोष्ट एकाही वर्गास सांगण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

असो. आता सूनबाईंच्या बिस्किटांकडे. आमच्या घरी सकाळचा प्रकार असा की, नातवाची शाळेची गाडी पावणेसातास येते, चिरंजीवांची लोकल त्यामागोमाग, आणि सूनबाईंची स्वतःची नोकरी. पोहे-उपमा रोज होत नाही. झाला तरी कोणी बसून खात नाही. रविवारी दुपारी त्या वीस-बावीस बिस्किटे भाजून डब्यात भरतात. दोन बिस्किटे व पेलाभर दूध घेऊन नातू जिना उतरतो. स्कॉटिश स्वाराप्रमाणे तो जिन्यावरच खातो, हे मात्र आम्हांस पसंत नाही.

कृती मापानिशी देतो. दीड वाटी चपटे ओट घेऊन त्यातील निम्मे जाडसर दळावे. एक वाटी कणीक, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ व वेलदोड्याची पूड त्यात मिसळावी. अर्धी वाटी लोणी व अर्धी वाटी किसलेला मऊ गूळ निराळा फेसून घ्यावा, त्यात कोरडे जिन्नस घालावेत आणि तीन-चार चमचे दुधाने पीठ जमवावे. हे पीठ अर्धा तास झाकून ठेवणे अगत्याचे. ओट सावकाश ओल पितात, आणि घाई केल्यास लाटताना कडा फाटतात. सारणासाठी बिया काढलेला खजूर वाटीभर, पाव वाटी पाण्यात मंद आचेवर घोटावा, थोडा लिंबाचा रस पिळावा आणि पूर्ण निवू द्यावा. सूनबाईंच्या पहिल्या खेपेस सारण गरम राहिले व भरलेही जास्त; ते फुटून पत्रभर पसरले आणि साखरेच्या पाकासारखे करपले. आता त्या दोन पातळ चकत्यांत एक चमचाच सारण घालतात, कडा काट्याने दाबतात व वर एक भोसका पाडतात, म्हणजे वाफ निघून जाते. १८० अंशांवर पंधरा मिनिटे. काढताच ती मऊ लागतात म्हणून कच्ची समजू नयेत, निवल्यावर आळतात. दुसऱ्या दिवशी सारणाची ओल पिठात उतरते आणि ती अधिक चांगली लागतात. चार-पाच दिवसांत संपवावीत.

ज्यांच्या घरी विजेची भट्टी नाही त्यांनी जाड बुडाच्या भांड्यात मीठ वा वाळू तापवून त्यावर ताटली ठेवावी. वेळ थोडा अधिक लागतो इतकेच. भाजणे ही कलाही परकी नाही. खाली विस्तव व झाकणावर निखारे ठेवून भानोले भाजणारी घरे आपल्या किनाऱ्यावर पिढ्यान् पिढ्या आहेत.

एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने १९९७ साली, ओटमधील विरघळणारे तंतू हृदयविकाराचा धोका कमी करण्यास साहाय्य करू शकतात, असे वेष्टनावर छापण्यास अनुमती दिली. तेव्हापासून ओटचे नाव लावून काहीही विकले जाते. बाजारातल्या ओट-बिस्किटाच्या पुड्यावरील बारीक अक्षरे वाचून त्यात ओट किती ते पाहावे. आणि आमच्यासारख्या मधुमेही मंडळींनी घरच्या बिस्किटासही औषध समजू नये. गूळ व खजूर ही अखेर साखरच आहे. आम्हांस अर्धे मिळते.

आमच्या पूज्य वृद्ध गृहस्थांच्या हरकतीविषयी थोडे. त्याच स्पर्धेत गतवर्षी प्रथम क्रमांक साबुदाणावड्यास मिळाला, आणि तो सर्वथा योग्य होता. आम्ही स्वतः तीन खाल्ले. परंतु साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो दक्षिण अमेरिकेचा, आणि आपल्याकडे येतो बहुतांशी तामिळनाडूतील सेलमहून. त्यातील शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, बटाटा तेथलाच, मिरचीही अमेरिका खंडातलीच. एवढ्या परदेशी मंडळींस आपण एकादशीच्या दिवशी, उपवासाच्या ताटात बसविले. कोणत्या तरी आजीने ती प्रथम चुलीवर चढविली असेल, आणि कोणीतरी वृद्धाने हरकत घेतलीच असेल. त्या हरकतीचे पुढे काय झाले हे वड्याच्या बक्षिसावरून दिसते.

यंदा महिला समितीने स्पर्धेचा नियम बदलला असून पदार्थ घरी केलेला असावा एवढीच अट ठेविली आहे. आम्हीही एक सूचना पाठविली होती, ती समितीने मान्य केली, याबद्दल आम्ही आभारी आहो. प्रवेशपत्रिकेत यापुढे पदार्थाच्या नावापुढे, तो कोणाकडून शिकलो, असा एक रकाना राहील. सूनबाईंनी आपल्या कार्यालयातील एका मैत्रिणीचे नाव लिहिले आहे. आम्हीही या वर्षी नानखटाई घेऊन उतरणार आहो. आजीचेच प्रमाण, आठवते तेवढे. रकान्यात आजीचे नाव लिहिले, आणि भाजण्याची वेळ ज्यांच्या भट्टीपुढे बसून कळली त्यांचेही लिहावे म्हणून लेखणी उचलली. चाचांचे नाव काय होते, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते.